चळपाणी कुणाचं

चळपाणी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो.

एक मच्छरदाणी घ्या. पांढरी, बारीक भोकांची, बाजारात मिळते तसली. तिच्यावर तसलीच दुसरी टाका. दोन्ही एकीवर एक सरळ बसल्या तर काही होत नाही, नुसती जाड मच्छरदाणी दिसते. पण वरची जराशी फिरली की जाळीवर पट्टे उठतात, नागमोडी, एक काळपट एक उजळ. ते वरच्या जाळीवर नसतात आणि खालच्याही नसतात. बोट लावायला गेलं तर बोटाला लागत नाहीत. पण दिसतात. आणि वारा आला, कुणी कूस बदलली, नुसता श्वास सोडला, तरी ते चालायला लागतात. भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसे.

ह्याला माझी बायको चळपाणी म्हणायची.

आमचं गाव पेणच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून. दिवस मावळला की डासांचं राज्य. एका मच्छरदाणीला ते जुमानत नाहीत, जाळीला अंग टेकलं की बाहेरूनच सोंड घालतात. म्हणून आमच्या खाटेला दुहेरी मच्छरदाणी होती, लग्नानंतर दोन वर्षांनी पहिलं मूल झालं तेव्हापासून. फाटली की वरचा पदर बदलायचा, पण दुहेरीच. सकाळी खिडकीतून उजेड आला की मी डोळे उघडायचो आणि वर ते पट्टे चाललेले असायचे. ती माझ्या आधी जागी असायची. म्हणायची, “उठा. चळपाणी बघा कसं सुटलंय.” मी म्हणायचो, “रोजचंच हाय ते.” एवढंच बोलणं. पण रोज.

हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमच्या गावात नाही, पेणच्या बाजारात नाही. तिच्यातला आणि माझ्यातला तो एकच शब्द असा होता की जो खोलीबाहेर गेलेला नव्हता. असं आपलं मला वाटायचं.

ती गेली त्या वर्षी रोह्याच्या पुढं कोकणात रेल्वेच्या गाड्या जायला लागल्या होत्या. तिला त्या गाडीत बसायचं होतं. पोटाच्या दुखण्यानं गेली, फार दिवस काढले नाहीत. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

तेराव्याला तिचा भाऊ रोह्याहून आला, म्हणजे माझा मेव्हणा. त्याच्याबरोबर त्यांच्या आळीतला एक शिंपी होता. माझ्याच वयाचा. तो पूर्वी एकदोनदा लग्नाकार्यात दिसला होता, पण बोलणं कधी झालं नव्हतं. एवढं ठाऊक होतं, की आमची मच्छरदाणी तो शिवतो.

जेवणं झाली. पाहुणे पडवीत बसले होते. मेव्हण्याला बहिणीची खोली बघायची होती, म्हणून मी त्याला आत नेलं, शिंपीही मागून आला. खाट तशीच होती. मच्छरदाणी चार खिळ्यांना टांगलेली, एक बाजू वर टाकलेली. दुपारचं ऊन खिडकीत होतं. शिंप्यानं मान तिरकी करून वर बघितलं, तिचं नाव घेतलं आणि मेव्हण्याला म्हणाला, “तिची मच्छरदाणी बघ. चळपाणी अजून तसंच हाय.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही.

त्यानं नाव घेतलं तेही तिचं माहेरचं. आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव काढायचं. मी चौथी शिकलेला, अक्षर वाकडं, पण ते नाव मी काढलं होतं, आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची. पहिलं नाव रोह्यात राहिलं. ते मी इथं लिहीत नाही. माझं नाही ते.

म्हणजे त्या माणसाकडे तिचं पहिलं नाव होतं आणि आमच्या खाटेवरचा शब्दही होता. माझ्याकडे काय राहिलं?

माणूस मेल्यावर रडावं, हे मलाही कळतं. मी रडत नव्हतो. मी मनात हिशेब मांडत बसलो होतो. दर दोनतीन वर्षांनी ती मच्छरदाणी पिशवीत घालून रोह्याला जायची. मी विचारायचो, “पेणला काय शिंपी संपले?” ती म्हणायची, “त्याला जमतं.” काय जमतं? चार शिवणी मारायच्या. एका वर्षी भाताची कापणी चालली होती, तिला जायला जमेना, तर मीच पेणला नेऊन शिवून आणली. पेणच्या शिंप्यानं काम झकास केलं होतं. शिवण दोरीसारखी सरळ. तिनं ती टांगली, खाली आडवी झाली, वर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उसवायला बसली. मी म्हटलं, “काय वाईट हाय तिच्यात?” तर म्हणाली, “पाणी मेलंय.” कापणी संपायचीही वाट बघितली नाही, रोह्याला गेली. ते तेव्हा मी विसरून गेलो होतो. तेराव्यानंतर ते रोज आठवायला लागलं.

पाहुणे गेले तसा मी खोलीत गेलो आणि मच्छरदाणी खिळ्यांवरून हिसडून काढली. पुन्हा कुणी बघायला नको. एका बाजूची शिवण टर्रकन् उसवली. वरचा पदर लोंबायला लागला. मी दोन्ही गोळा करून ट्रंकेत कोंबले.

सून दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, मच्छरदाणी का काढली? फोडून खातील डास.”

“खाऊ देत.”

“आईंनी एवढी जपली...”

“त्या पट्ट्यांना ती काय म्हणायची, तुला म्हायती हाय?”

“कसले पट्टे?”

तिला पट्टेच माहीत नव्हते. ती आमच्या खाटेवर कशाला झोपेल? म्हणजे घरातल्या सुनेला नाही, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या माझ्या मुलालाही नाही, आणि रोह्याच्या शिंप्याला माहीत. मी आतल्या आत जळत होतो. डास चावून चावून दंड सुजले होते, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

मग मी विचारायला सुरुवात केली. शब्द जर कुठं चालत असेल, तर तो शिंप्याचा खास नाही आणि माझाही नाही, मग भांडण मिटलं. धक्क्यावर जाळी शिवणारे बसलेले असतात. त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, “जाळ्यावर जाळं पडलं आणि नक्षी दिसली, तर तिला तुमच्यात काय म्हणतात?”

“गुंता,” एक म्हातारा म्हणाला.

“गुंता नाय. नक्षी, नक्षी. पाण्यासारखी.”

“जाळ्यावर जाळं पडलं तर गुंताच व्हतो. नक्षी बघत बसलो तर मासं कोण धरंल, तुझा बाप?” सगळे हसले. मग त्याला आठवलं असावं की माझ्या घरात नुकतं काय झालंय. त्यानं विडी पुढं केली.

पेणच्या कापडवाल्याकडे गेलो. त्याच्याकडच्या दोन मच्छरदाण्या मी स्वतः गल्ल्यावर पसरल्या, एकीवर एक, आणि फिरवल्या. पट्टे उठले. “ह्याला काय म्हणतात?”

“काका, ह्याला माल खराब म्हणतात,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला वाटतं डाग पडलाय. आम्ही दोन जाळ्या एकत्र दाखवतच नाही.”

“नाव, नाव काय?”

तो जरा विचारात पडला. चांगला माणूस. म्हणाला, “मुंबईच्या व्यापाऱ्याकडे एक रेशीम येतं, दाबून असल्याच लाटा काढलेलं. त्याला तो मोअर म्हणतो.”

“मोअर म्हणजे?”

“काय की. बाहेरचा शब्द. कुठल्या मुलखातून आला, पहिल्यांदा कोण बोललं, हे कोण विचारतंय? कापड खपलं की झालं.”

त्याचं बरोबर होतं. त्याला कापड खपवायचं होतं. मला मात्र पहिल्यांदा कोण बोललं हेच हवं होतं, दुसरं काही नको होतं. तो शब्द शिंप्यानं तिला दिला असेल, तर रोज सकाळी माझ्याशेजारी पडून ती त्याचा शब्द बोलत होती. मी रोज “रोजचंच हाय” म्हणत होतो.

शेवटी ट्रंक उघडली, मच्छरदाणी पिशवीत भरली आणि रोह्याची एसटी धरली. सुनेला सांगितलं, शिवून आणतो.

“पेणला काय शिंपी...” ती म्हणायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली.

रोह्यात मी फार वेळा गेलेलो नाही. सासुरवाडीला जावई उगाच जात नाही. तिला मात्र रोह्याचं वेड. कुंडलिकेचं गोडं पाणी, मोठा बाजार, दोन वेळा भाजी. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिनं मिठागर कधी बघितलंच नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात मी मिठागरावर कामाला असताना माझी भाकरी घेऊन आली आणि बांधावरून यायचं सोडून सरळ मिठाच्या वाफ्यात उतरली होती, पायवाट समजून. तिथं मीठ धरत आलं होतं. मी ओरडलो होतो. ते माझं पहिलं ओरडणं.

शिंप्याचं दुकान आळीच्या तोंडाशी. धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांच्या निळ्या पॅन्टींचा ढीग पुढ्यात, आणि तो पायमशिनवर. केस काळे. माझ्या वयाचा माणूस आणि केस काळे.

“या, भावोजी! असे अचानक?”

“मच्छरदाणी उसवलीय.”

“पेणला शिंपी संपले काय?” असं म्हणून तो हसला. माझं वाक्य. मी तिला म्हणायचो ते. तिनं ते इथं येऊन सांगितल्याशिवाय ह्याच्या तोंडात कसं आलं? मी स्टुलावर बसलो आणि पिशवी त्याच्या पुढ्यात टाकली.

त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं. “ओढलीत.”

“पडली.”

“पडल्यानं अशी उसवत नाय.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. पोऱ्या नव्हता दुकानात, स्वतःच उठला आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला. मी माझा तसाच ठेवला.

“एक विचारायचं हाय,” मी म्हटलं. “चळपाणी हा शब्द तुझा?”

“कुठला?”

“त्या दिवशी बोललास. आमच्या खोलीत.”

“हां, चळपाणी!” तो म्हणाला. “माझा कसा? तुमचा ना तो?”

“माझा?”

“तुमच्याच आगरावरचा. ती तर तसंच म्हणाली.” आणि पुन्हा तिचं माहेरचं नाव घेतलं.

“ते नाव घेऊ नको,” मी म्हटलं.

“मग काय म्हणू?”

“मला भावोजी म्हणतोस. मग तिला ताई म्हण.”

“ताई म्हटलं असतं तर थोबाडीत मारली असती तिनं. माझ्याहून लहान होती. आमच्या दारातल्या चिंचेखाली खेळायला यायची, तेव्हापासून त्या नावानं हाक मारतो.” मग म्हणाला, “बरं. नाय घेत.”

मग त्यानं सांगितलं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हाची गोष्ट. दुकान तेव्हा त्याच्या बापाचं, हा काज-बटणं करायचा. ती दोन जुन्या मच्छरदाण्या घेऊन आली. खाडीवरचे डास फार, पोराला खातील, दोन्ही एकावर एक घालून शिवून द्या. दोन्ही कापायच्या फळीवर पसरल्या आणि पट्टे उठले. ह्यानं कधी असलं बघितलं नव्हतं. म्हणाला, हे काय गो? तर ती पोट धरून हसायला लागली. म्हणाली, “ह्याला आमच्या आगरावर चळपाणी म्हणतात. माझ्या नवऱ्याला विचार. त्यात पाय घातला तर तो बगळे उडतील एवढ्यानं ओरडतो.”

मी त्या फळीकडे बघितलं.

आता हे समजायला मिठागराचं थोडं सांगावं लागेल. वाफ्यात खारं पाणी घट्ट होत येतं तेव्हा त्यावर दोन तऱ्हेच्या लाटा असतात. एक वाऱ्याची, आणि एक तीच लाट समोरच्या बांधावर आपटून परत फिरलेली. बोटाएवढ्या बारीक. जात्या लाटेवर येती लाट चढली की पाण्यावर जाळी दिसते आणि जाळीतून पट्टे सरकतात. जोवर ते सरकतात तोवर वाफ्याला हात लावायचा नाही. पाणी जड झालं की पट्टे मंद होतात, मग थांबतात, आणि दुसऱ्या सकाळी वर साय धरलेली असते मिठाची. माझा बाप बांधावर बसून एवढंच सांगायचा, पाणी चळतंय अजून. चळायचं थांबलं की कामाला लागा. म्हणजे तो काही शब्द नव्हता. कुणी तसा जोडून बोलत नव्हतं.

“काय ओरडलो होतो मी?” मी शिंप्याला विचारलं. हे मी त्याला विचारावं!

“‘चळ पाणी हाय अजून, पाय काढ!’ असं. ती तुमचा आवाज काढून दाखवायची. ह्या इथं उभी राहून.”

मला ओरडलेलं आठवत होतं. काय ओरडलो ते नाही. घाईत तोंडातून गेलं ते. मी तिथंच टाकलं, आणि तिनं उचललं, घरी नेलं, खाटेवर टांगलं.

“आणि पावलाचं पण सांगितलं तिनं,” शिंपी म्हणाला.

“कुठल्या पावलाचं?”

“दुसऱ्या दिवशी मीठ धरलं त्यात तिचं पाऊल उठलं होतं ना? पाच बोटांसकट. अन् तुम्ही सगळ्या वाफ्यातलं मीठ ओढलंत आणि तेवढं पाऊल ठेवलंत. संध्याकाळपर्यंत. मग बाकीचे गेल्यावर ओढलंत.”

हे तिला ठाऊक होतं.

ती त्या दिवशी बांधावर नव्हती. मला वाटायचं, हे जगात कुणाला माहीत नाही. तिलाही नाही. एवढ्या वर्षांत मी बोललो नाही, ती बोलली नाही. कुठून तरी बघितलं असेल, किंवा कुणी आगरी बाईनं सांगितलं असेल. माझ्याशी बोलली नाही आणि इथं येऊन, ह्या फळीशी उभं राहून, ह्या काळ्या केसांच्या माणसाला हसत हसत सांगितलं. ती कशी हसली ते त्याला ठाऊक आहे. मला नाही. शब्द माझा निघाला तरी माझा जळफळाट कमी झाला नव्हता. उलट आता त्याच्याजवळ माझ्याच घरातली अशी एक वस्तू निघाली जी माझ्याकडे कधी नव्हती.

“परत सांग,” मी म्हटलं.

“काय?”

“पावलाचं. ती काय म्हणाली ते. सगळं.”

त्यानं परत सांगितलं. ह्या वेळी जास्त सावकाश. एक गोष्ट आधी राहिली होती ती घातली: ती म्हणाली होती, “बोलायला येत नाय त्याला, पण मीठ ओढायला येतं.” मी चहा प्यायलो. गार झाला होता.

“दुसऱ्या कुणाला सांगू नको आता,” मी म्हटलं.

“कुणाला सांगणार? तुम्ही विचारायला आलात म्हणून.”

मग मी मच्छरदाणीची उसवलेली बाजू त्याच्यापुढं ओढली. “हे शिव. आणि एक सांग. पेणच्या शिंप्यानं चांगली शिवली होती, ती तिनं उसवली. तुझ्याच हाताला असं काय लागलं होतं?”

“सरळ शिवली असणार त्यानं.”

“एकदम सरळ.”

“मग पाणी मरतं. दोन्ही जाळ्या सरळ आल्या की पट्टे जातात. वरची नखभर तिरकी लागते. चांगल्या कारागिराच्या हातनं तिरकी शिवण जात नाय, हातच ऐकत नाय.”

“तुझा ऐकतो?”

“माझा?” तो हसला. “मी नुसता पाय मारायचो हो. धरायची ती. फळीवर पसरायची, वरचा पदर दोन्ही हातांनी फिरवत बसायची. जरा इकडं, जरा तिकडं. बघून बघून मग म्हणायची, हां, चालव. पेणचा शिंपी तिला फळीशी उभी राहू देईल काय? इथं आळीतली म्हणून चालायचं. मी कितीदा म्हटलं, सांग मला कसं हवं, मी करून ठेवतो, तू बाजार करून ये. तर म्हणायची, तुला नाय कळायचं. अन् खरंच हाय. तुमच्या खाटेवर पडल्यावर कसं दिसतं, ते मला काय ठाऊक? मी काय कधी खालनं बघितलंय?”

ह्याच एका वाक्यासाठी मी आलो होतो, हे ते ऐकल्यावर मला कळलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि त्यानं दाखवलं नाही. तो पॅन्टींचा ढीग खाली उतरवत होता. फळी मोकळी केली. मच्छरदाणी पसरली, उसवलेली बाजू आपल्याकडे घेतली आणि मला म्हणाला, “उठा, भावोजी. धरा.”

“मी?”

“मग कोण? तुम्हालाच ठाऊक कसं दिसायचं ते.”

मी उठलो. मिठाचं फावडं आणि नंतर कंपनीतल्या गोण्या, ह्यापलीकडे ह्या हातांनी काही धरलेलं नव्हतं. बोटं जाड, जाळीच्या भोकात अडकत होती. वरचा पदर सरळ बसला, काहीच दिसेना. थोडा फिरवला. रुंद पट्टे आले, ओहोटीच्या चिखलासारखे. जास्त फिरवला तर बारीक झाले, किडे वळवळावेत तसे. ते तिचं नव्हतं. परत आणला. शिंपी मशिनवर पाय ठेवून बसून राहिला. गिऱ्हाईक आलं, धाटावच्या सकाळच्या पाळीहून सुटलेला कुणी, त्याला म्हणाला, “थांब जरा. काम चाललंय.”

मी डोळे मिटून बघितलं. सकाळ, खिडकी, तिचं “उठा”. मग उघडले आणि पुन्हा फिरवलं, अगदी नखभर. आणि फळीवर पाणी सुटलं.

“हां,” मी म्हटलं. “चालव.”

मशिनचा आवाज झाला. मी पदर सोडला नाही, शिवण माझ्या बोटांच्या जवळून गेली. त्याचा हात माझ्या हाताशेजारी. तिचा इथंच असायचा, हे डोक्यात आलं, आणि आलं तसं मी त्याचा हात जरा पलीकडे सरकवला. तो सरकला.

त्यानं पैसे घेतले नाहीत, मीही आग्रह केला नाही. निघताना त्याला म्हटलं, “केस काळे करतोस?”

“करतो. का?”

“दिसतं,” म्हटलं आणि एसटी स्टँडवर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छरदाणी चार खिळ्यांना लावली आणि खाली आडवा झालो. चळपाणी होतं. पट्टे बरोबर तेवढेच रुंद. पण थोड्या वेळानं लक्षात आलं की काहीतरी उलटं आहे. श्वास सोडला की तिचं पाणी खिडकीकडं जायचं, खाडीच्या अंगाला. माझं दाराकडं येत होतं. मी पदर दुसऱ्या बाजूला फिरवला होता. तेवढाच, पण दुसऱ्या बाजूला. ती फळीच्या कुठल्या अंगाला उभी राहायची हे मी शिंप्याला विचारलं नव्हतं, आणि आता परत जाऊन विचारणार नव्हतो. उसवावी असं एकदा मनात आलं. उठूनही बसलो. पण मग तशीच ठेवली. तिचं खिडकीकडं जायचं, माझं दाराकडं जातंय. जाऊ दे.

सून चहा घेऊन आली, आणि दारातच थांबली. खिडकीचं ऊन जाळीवर होतं.

“अगो बाई! बाबा, हे काय चाललंय वर?”

“वाकून ये. खालनं बघ.”

तिनं वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आई ह्यालाच काहीतरी म्हणायच्या ना? तुम्ही मागं विचारलं होतं.”

सांगू नये असं वाटत होतं. एकदा सांगितला की तो खोलीबाहेर जाणार, मुलाकडे जाणार, कुठं कुठं जाणार. पण मी गप्प राहिलो तर उद्या ही कुणाला विचारील? रोह्याला लग्नाला-बारशाला जाणं होतंच.

“चळपाणी,” मी म्हटलं. “शब्द माझा. तुझ्या सासूनं सांभाळला.”

“चळपाणी,” ती म्हणाली.

“व्हय. अन् आणखी काय विचारायचं असंल तर मला विचार. त्या शिंप्याला विचारायचं नाय.”